सत्कारमूर्तीच्या हाती माईक द्या

माझा धंदा बिछायत आणि साउंड सर्व्हिसचा. चिखली तालुक्यात लग्न, साखरपुडा, सप्ताह, तेरवी, पुढाऱ्याची सभा, शाळेचं गॅदरिंग, जिथे बोलावणं येईल तिथे माझा छोटा हत्ती जाऊन उभा राहतो. मंडप ताणला, गाद्या-लोड पडले, की मी स्टेजच्या डाव्या अंगाला मिक्सर मांडून बसतो आणि आभार होईपर्यंत जागचा हलत नाही. बाकीचे लोक भाषण ऐकतात, मी मिक्सरवरचा हिरवा दिवा पाहतो. दिवा नाचतोय म्हणजे कोणीतरी बोलतंय. कोणाच्या हातात माईक किती वेळ राहिला, हे त्या जागेवरून जेवढं कळतं तेवढं पहिल्या रांगेतल्या सोफ्यावरूनही कळत नाही.

आणि तरुण मंडळाच्या गुणवंत सत्कारात तो दिवा गुणवंतासाठी सहसा हलतच नाही.

कार्यक्रमपत्रिकेत ‘सत्कारमूर्तींचे मनोगत’ असं छापलेलं असतं, नाही असं नाही. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, पाहुण्यांचं स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, मनोगत, प्रमुख पाहुण्यांचं भाषण, अध्यक्षीय समारोप, आभार. पण वेळ कमी पडला की पहिली कात्री मनोगतावर चालते. आणि वेळ कमी पडतोच, कारण साडेपाचचे पाहुणे साडेसातला येतात. सोळा वर्षांचं पोरगं नवा शर्ट घालून आईबापासोबत पाच वाजल्यापासून बसलेलं असतं. त्याच्या वाट्याला येतात ते चाळीस सेकंद: शाल, नारळ, ट्रॉफी, फोटोसाठी मान वळवणं, खाली उतरणं. सूत्रसंचालक ‘जोरदार टाळ्या’ म्हणतो. मी मागून म्युझिकचा एक तुकडा सोडतो. झालं.

माझा शाल-श्रीफळाला विरोध नाही, माझं बिल त्यातूनच निघतं. विरोध आहे तो एका गोष्टीला. पोराने नेमकं काय केलं हे गावाला कळत नाही, आणि ते सांगू शकणारा मंडपातला एकमेव माणूस गप्प बसवलेला असतो.

तरुण मंडळांनाच हे का सांगतोय, तर ती आपलीच आहेत म्हणून. शाळेचा सत्कार शाळेच्या नावासाठी असतो, पतसंस्थेचा सत्कार ठेवीदारांसाठी, पुढाऱ्याचा कशासाठी ते सांगायला नको. मंडळाचं तसं नसतं. गणपती, दुर्गादेवी, शिवजयंती, वर्गणी, भांडणं, क्रिकेटच्या मॅची, रक्तदान, सगळं ज्यांच्यासोबत केलं तीच पोरं सत्कार करतात. त्यांना माहीत असतं की हा भल्या पहाटे मैदानावर दिसतो, हिच्या सायकलची चेन रोज त्याच वळणावर पडते. आमच्या भागातली बरीच मंडळं नेहरू युवा केंद्राकडे नोंदवलेली. ही केंद्रं देशात १९७२ साली सुरू झाली, १९८७ साली त्यांची स्वायत्त संघटना झाली, आणि ३१ ऑक्टोबर २०२३ पासून ‘मेरा युवा भारत’ नावाचं नवं छत्र आलं. छत्र कोणतंही असो, खाली गावातलं मंडळ तेच आणि पोरंही तीच. सोळा वर्षांच्या पोराला वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी मान देणं, यात जी गंमत आहे ती साठीच्या पाहुण्याच्या हातून शाल घेण्यात नाही. पण आपली मंडळं स्वतः मान द्यायचं सोडून मान द्यायला दुसऱ्या माणसाला गाडीभाडं देऊन आणतात.

आता आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. प्रथमेश जावकर हे नाव ऐकलं नाही असा माणूस बुलढाण्यात सापडायचा नाही. मे २०२३ मध्ये चीनमधल्या शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत त्याने कंपाउंड तिरंदाजीत वैयक्तिक सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. त्या वर्षी मी जिथे जिथे साउंड लावला तिथे तिथे कोणी ना कोणी त्याचं नाव घेतलं. ‘जिल्ह्याचं नाव सातासमुद्रापार नेलं.’ ‘अर्जुनाचा वारसा.’ ‘जिजाऊंच्या मातीतला हिरा.’ ऐकून ऐकून माझ्या हेल्परलाही पाठ झालं होतं. पण शांघायला त्याने काय केलं, हे एकाही भाषणात ऐकलं नाही. शेवटी मीच मोबाईलवर शोधून वाचलं आणि मग त्या वाक्यांचा राग आला.

कंपाउंडमध्ये ५० मीटरवरून नेम धरायचा असतो. समोरच्या लक्ष्याचा मधला दहा गुणांचा गोल आठ सेंटिमीटरचा, म्हणजे चहाच्या बशीहूनही लहान. एका सामन्यात तीन-तीन बाणांच्या पाच फेऱ्या, एकूण १५ बाण, कमाल १५० गुण. दोघं आळीपाळीने बाण मारतात आणि प्रत्येक बाणाला २० सेकंद मिळतात. अंतिम सामन्यात समोर होता नेदरलँड्सचा माइक श्लोसर, जगात पहिल्या क्रमांकाचा. त्या खेळात त्याला ‘मिस्टर परफेक्ट’ म्हणतात, कारण १५० पैकी १५० मारणं हे त्याच्या नावावर आहे. त्याने १४८ मारले. प्रथमेशने १४९. म्हणजे पंधरा बाणांत एकच बाण बशीच्या बाहेर, तोही नऊच्या कड्यात. एका गुणाने हरवलं.

हे एवढंच कोणी मंडपात सांगितलं असतं, तर लोक ‘अर्जुन’ शब्दावर मारतात त्यापेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या असत्या. मला लोक माहीत आहेत. आमच्याकडे गोफणीने पाखरं हाकलणारी माणसं आहेत, चालत्या बैलाच्या शिंगावरून दोर टाकणारी आहेत. अंतर, नेम, वारा त्यांना समजावून सांगावा लागत नाही. त्यांना फक्त आकडा सांगावा लागतो. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि प्रथमेश या तिघांनी दक्षिण कोरियाला २३५-२३० असं हरवून सांघिक सुवर्ण घेतलं. २४ बाण, २४० पैकी २३५. तिरंदाजीत कोरियाला हरवणं म्हणजे काय, हे ज्याला कळलं त्याला पुढच्या विशेषणांची गरज पडत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी मोठ्यांच्या गटात जगज्जेती झाली आणि त्याच स्पर्धेत ओजसही जगज्जेता झाला. एका वर्षात एका राज्यातली एवढी पोरं एकाच खेळात जगाच्या शेंड्यावर गेली. बुलढाण्यातही हे आभाळातून पडलेलं नाही. पोलीस दलातले चंद्रकांत इलग यांनी इथे पोरं घडवली. त्यांच्याच हाताखालची मोनाली जाधव, बुलढाणा पोलीस दलातली शिपाई, २०१९ साली चीनमधल्या चेंगडूला जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत तिरंदाजीचं सुवर्ण घेऊन आली. आणि घाटाखाली जळगाव जामोद, संग्रामपूरच्या सातपुड्यात आदिवासी पाड्यांवर धनुष्यबाण म्हणजे कालपरवापर्यंत घरातली वस्तू होती. तिकडच्या पोरांच्या सत्काराला मी कधी साउंड लावला नाही. बोलावणंच आलं नाही, आणि ते माझ्या लांबच्या अंतरामुळे असेल असं मला वाटत नाही.

तर आमच्या गावातली गोष्ट सांगतो, कारण माझं मत तिथे पक्कं झालं. मुलगी अकरावीतली. शालेय स्पर्धेत तालुका, जिल्हा, अमरावती विभाग असं करत राज्यापर्यंत गेली आणि तिथे तिसरी आली. तिरंदाजीच्या इंडियन राउंडमध्ये. मंडळाने कार्यक्रम ठेवला. फ्लेक्सवर तिचा फोटो होता, पण शुभेच्छुकांच्या फोटोंच्या दोन रांगांखाली. पाहुणे आले, बोलले, आणि बोलता बोलता म्हणाले, ‘आमची ही लेक उद्या ऑलिम्पिकमध्ये भाला फेकेल.’ मुलीने खाली पाहिलं. तिच्या बापाने माझ्याकडे पाहिलं, जसं काही चूक माझ्या माईकची होती. पाहुण्यांना पुढच्या गावी जायचं होतं, ते उठले, सोबत त्यांच्या गाड्याही. मंडप निम्मा रिकामा झाला. सूत्रसंचालकाने आभार उरकायला घेतले, तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारबुवा उभे राहिले. शेतकरी माणूस, पोरीच्या आजोबांच्या वयाचे. म्हणाले,

‘बाई, वारं सुटलं त तुवा बाण कुठी जाते?’

लोक हसले. मला काय वाटलं कोण जाणे, मी कॉर्डलेस घेतला, स्टेजवर चढलो आणि पोरीच्या हातात दिला.

ती आधी थोडं अडखळली. मग म्हणाली, वारा डावीकडून आला तर बाण उजवीकडे ओढला जातो, म्हणून मधल्या पिवळ्यावर नेम धरायचाच नाही, डावीकडे लाल पट्ट्याच्या कडेवर धरायचा आणि वाऱ्याने तो पिवळ्यात आणावा म्हणून सोडायचा. म्हातारबुवा म्हणाले, ‘म्हंजे वाऱ्यालेच कामाले लावतं तू.’ ती हसली आणि तिथून तिची गाडी सुरू झाली. एकाने विचारलं, जोर किती लागतो. तिने सांगितलं, हातापेक्षा पाठ जास्त दुखते. दुसऱ्याने विचारलं, नजर कुठे असते. ती म्हणाली, नजरेचं नंतर, आधी हात हनुवटीखाली दर वेळी त्याच जागी टेकला पाहिजे, ज्वारीच्या दाण्याएवढा सरकला तरी तिकडे बाण एका रंगातून दुसऱ्या रंगात जातो. मग मंडळाच्याच एका पोराने तो प्रश्न विचारला जो कुठल्याही पाहुण्याने विचारला नसता: ‘पहिली काऊन नाही आली?’

मंडपात एकदम शांतता. आईने पदर तोंडाला लावला. पण पोरगी बिचकली नाही. म्हणाली, शेवटच्या फेरीत एक बाण दहात बसला, त्या आनंदात पुढचा घाईने सोडला, तो निळ्यात गेला. तिथेच पदकाचा रंग बदलला. हे तिने इतक्या सरळ सांगितलं की मला वाटतं त्या मंडपात बसलेल्या प्रत्येक माणसाला आपला आपला असा एक घाईने सोडलेला बाण आठवला असेल.

आणि मग ती बोलता बोलता असं काही बोलली की ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. ती म्हणाली, इंडियन राउंड भारताबाहेर खेळतच नाहीत. हे लाकडी धनुष्य काही हजारांत येतं. इथून पुढे जायचं तर रिकर्व्ह नाहीतर कंपाउंड धरावं लागतं, आणि त्यातलं चांगलं धनुष्य, बाण, साइट, रिलीज असं सगळं धरून लाखांच्या पुढे जातं. ‘म्हणून मी यंदा इथपर्यंतच आहे,’ म्हणाली. दीड तास ज्या पोरीला सगळा गाव ऑलिम्पिकला पाठवत होता, तिला स्वतःला पुढच्या वर्षाचं धनुष्य दिसत नव्हतं. आणि हे तिच्या चुलत्यालाही त्याच दिवशी, त्याच माईकवरून कळलं.

यातून लगेच धनुष्य आलं असं सांगितलं तर खोटं होईल. आलं नाही. दोन गोष्टी झाल्या. गावातल्या एकाने सोयाबीन निघाल्यावर बांधालगतच्या पट्ट्यात हरभरा पेरला नाही, तो पट्टा तिला सरावाला दिला. मागे मातीचा बंधारा असल्यामुळे बाण कुठे जायचा धोका नाही, हे बघून दिला, कारण त्या संध्याकाळी त्याने बाणाचं गणित ऐकलं होतं. आणि दुसरी गोष्ट तिच्या घरात झाली. आमच्या भागात बारावी झाली की मुलीसाठी स्थळं बघायला लागतात, त्यात नवं काही नाही. पण सगळ्या गावासमोर जिने वाऱ्याला कामाला लावायचं समजावून सांगितलं, त्या मुलीला ‘आता पुरे झालं खेळणं’ म्हणायला घरच्यांची जीभ लवकर उचलत नाही. तिच्या खेळण्याला विरोध करणारा तो चुलता आता दुसऱ्यांना सांगत फिरतो की आमची पोरगी हनुवटीखाली हात कसा टेकवते. ट्रॉफीने हे झालं नसतं. ट्रॉफी टीव्हीशेजारी ठेवतात आणि दोन महिन्यांत तिच्यावर धूळ बसते.

लोक म्हणतात, पोरं बोलत नाहीत हो, लाजतात. मी म्हणतो, ‘दोन शब्द बोल’ असं म्हणून माईक दिला तर कोण बोलेल? पुढारीसुद्धा ‘दोन शब्द’ म्हटल्यावर गडबडतात आणि मग दोनशे बोलतात. पोराला प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर त्याच्याकडेच आहे असा. शिवाय लाजतात हेही पूर्ण खरं नाही. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला या. १५९८ साली जिथे जिजाऊ जन्मल्या त्या लखुजी जाधवांच्या राजवाड्यापासून गावोगावच्या चौकापर्यंत, आठ-आठ वर्षांच्या मुली नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, दहा मिनिटं न अडखळता भाषण ठोकतात. माझे सगळे स्पीकर त्या दिवशी बाहेर असतात, तेव्हा मी खात्रीने सांगू शकतो. आवाज चढवणं, हात उंचावणं, योग्य जागी थांबणं, सगळं येतं. हीच मुलगी सोळाची होते, स्वतः काहीतरी करून दाखवते, आणि तेव्हा आपण तिला सांगतो की तू खाली बस, तुझ्याबद्दल दुसरे बोलतील. पाठ केलेलं बोलायला माईक मिळतो, केलेलं सांगायला मिळत नाही.

तोच दिवस स्वामी विवेकानंदांच्या जयंतीचा, म्हणजे राष्ट्रीय युवा दिनाचा. सत्कारांचं पीक त्या आठवड्यात येतं. मंडळांनी ठरवलं तर सुरुवात करायला याहून चांगला मुहूर्त नाही.

काही पोरं खरंच बोलत नाहीत, हेही मान्य. मेहकरकडच्या एका मंडळात कबड्डीतला चढाईपटू होता. त्याच्याकडून ‘हो’ आणि ‘नाही’ याशिवाय काही निघेना. मग त्याच्याच संघातलं एक पोरगं ओरडलं, ‘अरे, दाखव ना मग!’ त्याने चपला काढल्या, स्टेजवरच्या माझ्या गादीवर मध्यरेषा समजून उभा राहिला, आणि बोनस घेताना मागचा पाय हवेत कसा राहतो ते दाखवलं. मग दोघा मित्रांना बचाव करायला उभं केलं आणि बोट लावून कसा निसटतो ते दाखवलं. म्हाताऱ्या बायकाही उभ्या राहून बघत होत्या. माझ्या गादीची खोळ फाटली. ती बिलात लावली, मंडळाने कुरकुर न करता दिली.

आणि गुणवंत म्हणजे फक्त खेळाडू नाही, हे वेगळं सांगायला हवं का? दहावीला नव्वद टक्के मिळवलेल्या पोराला तरी कोण विचारतं की गणितात कुठे अडलास, कोणत्या मास्तरांनी सोडवून दिलं, रात्री लाईट गेल्यावर काय करायचास? शिष्यवृत्ती परीक्षेत आलेलं तांड्यावरचं लेकरू, पोलीस भरतीसाठी चिखली रोडवर पहाटे पळणारी पोरं. यांतल्या प्रत्येकाजवळ सांगण्यासारखं काहीतरी आहे, आणि ते खाली बसलेल्या नववीतल्या पोराच्या कामाचं आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियात बातुमीला १९ व्या वर्षी महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. कोनेरू हम्पीसोबत आधीचे दोन डाव बरोबरीत गेले होते, निकाल लागला तो जलद डावांत. पण बुद्धिबळात प्रत्येक चाल लिहून ठेवतात. उद्या कुठल्याही गावातलं पोरगं तो डाव पटावर मांडून बघू शकतं. आमच्या पोरांच्या खेळाची, अभ्यासाची अशी नोंद कुठे आहे? ती त्यांच्या तोंडातच आहे. मंडळाने ती काढून घेतली नाही तर कोणी काढणार नाही. मंडळाचा एखादा पोरगा मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवील, तेवढंही पुरे. इतिवृत्ताच्या वहीत ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला’ लिहिण्यापेक्षा बरं.

आता पाहुण्यांचं. मी धंदेवाला माणूस आहे, भाबडेपणा करून चालत नाही. पाहुणा आला की वर्गणी येते, मैदानाला मुरूम येतो, कधी व्यायामशाळेचं साहित्य येतं. त्याचं नाव दोनदा घेतलं, त्याला दहा मिनिटं दिली, तर काही बिघडत नाही. बिघडतं ते त्याच्यासाठी पोराची दहा मिनिटं कापली की. आणि दुसरं, पाहुण्याला पोराचं ऐकायला बसवलं तर तो काहीतरी द्यायची शक्यता वाढते असं माझं निरीक्षण आहे. ‘लाखांच्या पुढे’ हा आकडा पोरीच्या तोंडून ऐकायला त्या दिवशी पाहुणे बसले असते, तर निदान भाल्याचा विषय तरी निघाला नसता. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच येतोय. आजवर या धनुष्याला ऑलिम्पिकचं दारच नव्हतं. म्हणजे बुलढाण्यासारख्या, कंपाउंडची पोरं घडवणाऱ्या गावासाठी ही बातमी साधी नाही. ती एखाद्या मंडपात कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते, ती सांगून मोकळा होतो. सत्कार एकदाच होतो. पुढच्या वर्षी पोरगं हरलं, जायबंदी झालं, दुसऱ्या वर्गात गुण कमी पडले, की मंडळाला त्याचा पत्ता लागत नाही. फ्लेक्स तेवढा कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून असतो. मागच्या वर्षीच्या सत्कारमूर्तीला यंदाच्या कार्यक्रमात बोलवा आणि विचारा, मधल्या वर्षात काय झालं. जिंकल्याचं ऐकायला सगळे येतात. पण सोळा-सतरा वर्षांच्या पोराला जे खरोखर कळायला हवं, ते दुसऱ्या वर्षात असतं. आमच्या त्या मुलीला यंदा मंडळाने बोलावलंय, ती राज्याला पात्र ठरली नसतानाही. याबद्दल मी मंडळाच्या पोरांना मानतो.

यंदा मी माझ्या गिऱ्हाईकांना एक सवलत सांगितली आहे. ज्या मंडळात सत्कारमूर्ती निदान पंधरा मिनिटं बोलेल आणि लोक त्याला प्रश्न विचारतील, तिथे साउंडचं निम्मं बिल. मंडपाचं पूर्ण, कारण बांबू आणि मजुरी मला फुकट येत नाही. पहिला फोन आला तो देऊळगाव राजाकडच्या एका मंडळाच्या अध्यक्षाचा. त्याची अडचण एकच, पोरांना घुसवायचं कुठे, पत्रिका तर भरलेली. मी म्हणालो, पाहुणे किती वाजताचे? म्हणाला, सहाचे. मी म्हणालो, म्हणजे आठचे. मधले दोन तास मी नाहीतरी गाणीच लावतो ना? त्या वेळात पोरांना स्टेजवर बसवा, लोकांना विचारू द्या. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘पण दादा, बोलता बोलता साहेब आले त?’

मी म्हणालो, साहेबांना पहिल्या रांगेत बसवा, पाणी द्या. माईक मी बंद करणार नाही. वाटलं तर सवलत सोडून द्या.

त्याने विचार करून सांगतो म्हणून फोन ठेवला. रात्री पुन्हा आला. तारीख पक्की केली, आणि दोन कॉर्डलेस मागितले. एक स्टेजवर, एक लोकांत फिरवायला.